पाय सुटला, तोंड अडकलं

जाफू लिचीच्या झाडावरून पडला त्याला महिना होत आला होता, तरी त्याच्या सासूच्या, केवमा म्हातारीच्या लेखी तो सोंगच करत होता. "मूसो कधी झाडावरून पडतो होय?" ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. "माकड पडल्याचं ऐकलंय का कुणी?" मग स्वतःच खो खो हसायची आणि चघळलेल्या चहाच्या पानाचा चोथा पायरीखाली थुंकायची.

जाफू सगळं ऐकायचा. घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टर, तेव्हा उठून जाणार कुठं? तो लाहू होता, वरच्या डोंगरातल्या जमातीचा. खालच्या खोऱ्यातली माणसं लाहूंना मूसो म्हणतात, आणि ते नाव कुणी मायेनं घेत नाही. चांतिपनं त्याच्याशी लग्न केलं त्या दिवसापासून तिच्या आईनं जावयाचं खरं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

घरजावई येणं यात नवल काहीच नव्हतं. तिकडं, उत्तरेकडच्या थाई गावांत, घर धाकट्या मुलीला मिळतं आणि जावईच सासरी नांदायला येतो. चांतिप धाकटी, तेव्हा घर तिचं. पण बापानं मरण्याआधी डोंगराच्या पायथ्याची लिचीची बागही तिच्याच नावावर केली. ती बाग जाफूनं हातानं वर आणली होती. आधी मजूर म्हणून, मग जावई म्हणून. म्हाताऱ्याला त्याचं काम आवडायचं, आणि त्याच्या वात्रट जिभेवर तर तो फिदा होता. चांतिपचा थोरला भाऊ इन्सोम मात्र बाग तिच्या नावावर झाली त्या दिवसापासून आतल्या आत धुमसत होता. त्याची बायको त्याला सोडून बँकॉकला गेली होती. तो शेजारच्या घरात एकटा राहायचा आणि दोन्ही वेळा जेवायला बहिणीकडं यायचा. जेवायचा आणि नावं ठेवायचा.

ज्या संध्याकाळी सगळं घडलं, त्या संध्याकाळीही तो जेवायलाच आला होता. चौघं चटईवर बसली होती. मधोमध चिकट भाताची टोपली, हिरव्या मिरचीचा ठेचा, डुकराच्या तळलेल्या चामडीचा कुरकुरीत ढीग. जाफू भिंतीला उशी लावून आडवा पडला होता आणि त्याचा प्लास्टरमधला पाय दुसऱ्या उशीवर होता. आठ वाजले आणि टीव्हीवर राजघराण्याच्या बातम्या लागल्या. सगळ्या चॅनलवर त्याच लागतात. इन्सोमला बॉक्सिंग बघायचं होतं. तो जिभेनं चकचक करत बसला.

पडद्यावर कुठलासा समारंभ होता. राजघराण्यातली कुणी थोर व्यक्ती उंच खुर्चीवर बसली होती आणि मागं पांढऱ्या पोशाखातली माणसं लांब दांड्यांचे पंखे हलवत होती. उन्हाचे दिवस होते. पंखेवाल्यांच्या कानशिलांवरून घामाचे ओघळ चाललेले स्पष्ट दिसत होते.

"एकाला वारा घालायला आठ जण," जाफू भाताचा गोळा ठेच्यात बुडवत म्हणाला. "आणि घाम कुणाला सुटलाय बघा."

इन्सोमच्या तोंडातला घास नाकात गेला. तो इतका हसला की चांतिपला त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. म्हातारीनं तोंडावर हात धरला, पण तिचे खांदे गदगदत होते. चांतिपही हसली. मग बॉक्सिंग लागलं आणि विषय तिथंच संपला.

संपला, असं त्या घराला वाटलं. दुसऱ्या दिवशी दारूच्या दुकानात इन्सोमनं तो विनोद स्वतःचाच असल्यासारखा खपवला. गावप्रमुखानं तो ऐकला आणि पुढं आणखी चौघांना सांगितला. आठवडाभर गावात कुणाला घाम आला की कुणीतरी म्हणायचं, "काय रे, वारा घालून आलास काय?"

मग लिची लाल व्हायला लागली. एका सकाळी इन्सोम कुणाला न विचारता एका व्यापाऱ्याला घेऊन बागेत गेला आणि झाडं दाखवून भाव ठरवू लागला. चांतिपला कळलं तशी ती धावली, पण तिच्याआधी जाफू कुबडीवर उड्या मारत फाटकात जाऊन उभा होता.

"दादा, बाग चांतिपची आहे. सौदा तिच्याशी करायचा."

"माझ्या बापाच्या बागेत मला मूसो अडवणार?"

"अडवत कुठं आहे? तुम्ही आत आलात ते चुकून. मी बाहेरचा रस्ता दाखवतोय."

व्यापारी हसला. हसायला नको होतं. इन्सोमच्या मानेवरची शीर फुगलेली चांतिपनं पाहिली. तो तडक फिरला. मोटरसायकलवर बसला आणि गावाकडं न वळता तालुक्याच्या रस्त्याला लागला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आली. आरोप वाचून दाखवला तेव्हा चांतिपला आधी कळेचना की कुणाबद्दल बोलताहेत. आरोपीनं राजघराण्याच्या प्रतिमेकडं पाय रोखला, आणि अत्यंत हीन शब्दांत अवमान केला. तक्रारदार इन्सोम. साक्षीदार म्हणून आईचं नाव होतं.

"पाय?" जाफू म्हणाला. "साहेब, पाय मोडलाय. तो रोखायचा म्हटलं तरी दोन माणसं लागतील."

फौजदारानं त्याचं ओळखपत्र मागितलं. हे कार्ड मिळायला जाफूची अर्धी हयात गेली होती, त्याच डोंगरात जन्म होऊनसुद्धा. फौजदारानं ते उलटसुलट करून पाहिलं. "कार्ड मिळालं म्हणून थाई झालास काय रे?"

"नाही साहेब. तुरुंगात न्यायला कार्ड लागतं ना, म्हणून सरकारनं दिलं असेल."

तेव्हा त्याच्या कानाखाली पहिली बसली. बायकोसमोर, सासूसमोर, कुंपणापाशी जमलेल्या अख्ख्या गावासमोर. गावप्रमुखही त्या गर्दीत होता. तो आभाळाकडं बघत उभा राहिला.

जामीन मिळाला नाही. राजघराण्याच्या अवमानाच्या खटल्यात मिळत नाहीच, असं वकील म्हणाला. हा वकील कोर्टानं दिला होता. सूतिन त्याचं नाव. त्याला ही केस नको होती आणि ते तो लपवतही नव्हता. पहिल्याच भेटीत त्यानं चांतिपला बजावलं, "बाई, मला बायकामुलं आहेत. मी ते वाक्य तोंडानं म्हणणार नाही, तुम्हीही माझ्यासमोर म्हणू नका. गुन्हा कबूल करायला सांगा त्याला. कबूल केलं की शिक्षा निम्मी होते. माफीचा अर्ज टाकू. संपलं."

तुरुंगात काचेपलीकडून जाफूनं फोन कानाला लावला. प्लास्टर कुणीतरी वेळेआधीच कापून काढलं होतं आणि पाय गुडघ्याखाली थोडा बाहेर वळला होता.

"बोललो ते बोललो," तो म्हणाला. "ते कबूल आहे. पण पाय दाखवला हे कबूल करणार नाही."

"अरे, एक कबूल केलं काय आणि दोन काय!"

"पाय दाखवणारा माणूस वेगळा असतो, चांतिप. माझ्या आईला उद्या कुणी सांगितलं की तुझ्या पोरानं टीव्हीला पाय दाखवला, तर तिला वाटेल मी खाली जाऊन जनावर झालो. चेष्टा केली म्हटलं तर ती म्हणेल, बापावर गेलाय."

"आणि निम्मी शिक्षा?"

"ती तुझ्या भावाला दे."

वकिलानं हे ऐकलं आणि टेबलावर पेन आपटलं. "अर्धा गुन्हा कबूल करता येत नाही. ही काय भाजी आहे, अर्धी जुडी द्या म्हणायला?" मग जरा शांत होऊन तो म्हणाला, "ठीक आहे. मग सगळंच नाकारायचं, एवढा एकच रस्ता उरतो. तुम्हाला सरकारपक्षानं साक्षीला बोलावलंय. तुम्ही म्हणायचं, मी चुलीपाशी होते, मला काही ऐकू आलं नाही. मग उरले दोघं, भाऊ आणि आई, आणि दोघांचा बागेवर डोळा. ते मी कोर्टाला दाखवून देतो. बाकी नशीब."

ही वाट चांतिपच्या मनात घट्ट बसली. चुलीपाशी होते. ऐकू आलं नाही. भात वाफवताना, कपडे पिळताना ती ते घोकायची.

घरात तोवर बोलणं बंद झालं होतं. आई इन्सोमच्या घरात झोपायला लागली होती, पण सकाळी घरातल्या पितरांच्या फळीला फुलं वाहायला मात्र यायची. त्या फळीसमोर बसून ती मोठ्यानं पितरांना सांगायची, "डोंगरातलं भूत घरात घेतलं तिनं. मी नाही. मला दोष देऊ नका." एका सकाळी ती फुलं वाहून झाल्यावर गेली नाही. चुलीपाशी येऊन बसली.

"इन्सोम म्हणतो, त्याला नीट ऐकू आलं नसेल असं तो कोर्टात म्हणू शकेल."

चांतिपनं वर पाहिलं नाही. "आणि?"

"आणि काय? बाग त्याची होती. त्याची त्याला दे."

"बाबांनी मला दिली."

"बाबांनी मूसोला दिली," म्हातारी फिस्कारली. "तुझ्या नावानं. मला काय कळत नाही? बाग दे, नवरा सोडवून आण. नवराच हवा आहे ना तुला एवढा?"

चांतिपनं एक रात्र विचार केला. खरं तर तेवढाही केला नाही. जमिनीच्या कचेरीत ती इन्सोमच्या शेजारी बाकावर बसली, तेव्हा त्यानं तिच्यासाठी थंड चहाची पिशवी आणली होती. अंगठा उठवून झाल्यावर तो म्हणाला, "बघ, आपण भावंडं आहोत. बाहेरचा माणूस आला की असं होतं." तिनं चहा प्यायला. तिला त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचाच होता.

खटल्याच्या दिवशी ज्यांची साक्ष व्हायची होती त्यांना बाहेर बाकावर बसवलं. आधी इन्सोमला आत नेलं. तो राजनिष्ठ गटाचा पिवळा शर्ट घालून, केस पाण्यानं चापून आला होता. तो आत गेला आणि खूप वेळ बाहेर आलाच नाही. मग दार उघडलं. चांतिप उठून उभी राहिली. तो तिच्या समोरून गेला, पण त्याची नजर पुढच्या खिडकीवर होती.

"दादा?"

"काय?"

"काय सांगितलंस?"

"शपथ घ्यायला लावतात आत," इन्सोम म्हणाला. "बुद्धाची मूर्ती असते. खोटं बोलू काय?"

नंतर आईला आत नेलं आणि ती लवकर परत आली. मधल्या सुट्टीत वकील घाम पुसत बाहेर आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पायाचं दोघंही बोलले. तुमचा भाऊ तर म्हणाला, तीनदा पाय हलवला. शब्दही सांगितले, आणि वर दोन-चार जास्तीचे घातले. असू दे. तुम्ही आपलं चुलीपाशी. कळलं? चुलीपाशी."

"बाग दिली मी त्याला," चांतिप म्हणाली.

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

वकिलानं डोळे मिटले. "मला सांगायचं होतं ना आधी! भाऊ बागेसाठी खोटं बोलतोय, हेच तर मी म्हणणार होतो. आता बाग त्याचीच झाली म्हटल्यावर कसं म्हणू?" तो दोन पावलं गेला आणि परत आला. "चुलीपाशी, बाई. काहीही झालं तरी चुलीपाशी."

ती आत गेली. जाफू तपकिरी कपड्यांत, अनवाणी, पायात साखळी घालून बसला होता. तिच्याकडं बघून तो हसला नाही, नुसत्या भुवया उंचावल्या. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा लावलेल्या, आवाजानं मऊ. सरकारी वकिलानं विचारलं, "त्या संध्याकाळी तुम्ही कुठं होतात?"

चांतिपनं तोंड उघडलं. चुलीपाशी हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. पण दाराशी, साक्ष झालेल्यांच्या आणि बघ्यांच्या बाकावर, इन्सोम येऊन बसला होता. तो मांडीवर हात ठेवून, वर्गातल्या हुशार पोरासारखा ताठ बसला होता. त्याच्या शेजारी आई पदराएवढ्या फडक्यानं डोळे टिपत होती. त्या फडक्याकडं चांतिपचं लक्ष गेलं.

"चटईवर," ती म्हणाली. "सगळ्यांबरोबर."

तिच्या नवऱ्याच्या वकिलानं मान खाली घातली.

"आरोपीनं पाय रोखला का?"

"पाय प्लास्टरमध्ये होता. रोज तसाच उशीवर असायचा. रोखला नाही. दादा खोटं बोलला. आईसुद्धा."

"आरोपी काही बोलला का?"

"बोलला."

"काय?"

तिनं ते सांगितलं. जाफूनं जसं म्हटलं होतं तसं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. टंकलेखनिकाचे हात मध्येच थांबले आणि त्यानं बाईंकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "साक्षीदारानं शब्दांची पुष्टी केली, एवढंच लिहा."

"आणि मग आम्ही हसलो," चांतिप म्हणाली.

"ते विचारलेलं नाही."

"आम्ही सगळे हसलो बाई. मी हसले. आई हसली. सगळ्यात मोठ्यानं दादा हसला. त्याच्या नाकात भात गेला. मीच त्याच्या पाठीवर थापा मारल्या. हीन शब्द होते तर हसला कशाला तो? त्याला विचारा."

इन्सोमच्या शेजारी बसलेला एक माणूस, त्याच्यासारखाच पिवळ्या शर्टातला, हळूच सरकून बाकाच्या टोकाला गेला. चांतिपला ते दिसलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. मग तिनं जाफूकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत होता. ती नजर ओळखायला तिला क्षणभर लागला. बागेत साप दिसला की तो असाच बघायचा, न हलता.

निकाल वाचला तेव्हा त्यात तिचं नाव तीनदा आलं. पाय रोखल्याचं सिद्ध होत नाही, कारण आरोपीची पत्नी तसं सांगते. शब्द मात्र पूर्णपणे सिद्ध होतात, कारण आरोपीच्या स्वतःच्या पत्नीला त्याच्याविरुद्ध खोटं बोलण्याचं काहीही कारण नाही. तीन वर्षं. पत्नीची साक्ष उपयोगी पडली म्हणून तिसरा हिस्सा माफ. दोन वर्षं.

वकील कागद पिशवीत कोंबत म्हणाला, "पाय सुटला, तोंड अडकलं." त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "तुम्ही गप्प राहिला असतात तर, मी म्हणत नाही सुटलाच असता. पण शंका तरी राहिली असती."

घर तिचं होतं, पण त्या गावात राहणं शक्य नव्हतं. तिच्या दारात कुणीतरी मेलेला कुत्रा टाकला. तिच्या परसातली भाजी कुणी विकत घेईना. तिनं कपडे बांधले आणि जाफूच्या आईकडं, वर डोंगरात गेली.

नाबू म्हातारीनं तिला घरात घेतलं, पण तोंडावर दार लावावं तसं घेतलं. "सून आहेस, उपाशी ठेवणार नाही. पण तुझ्या माणसांनी माझा मुलगा खाल्ला, आणि शेवटचा घास तू भरवलास." असं म्हणून तिनं मक्याचा वाडगा पुढं सरकवला. चांतिप जेवली. मग रोज पहाटे उठून तिनं म्हातारीबरोबर डुकरांना चारा घातला, लाकडं आणली, लाहू बोली कानावर घेत राहिली. दोघी दिवसभरात दहा वाक्यं बोलत असतील, आणि त्यातली आठ डुकरांबद्दल.

इन्सोमवर तक्रार झाली ती सहा महिन्यांनी. त्याच्याच पिवळ्या शर्टवाल्या गटातल्या एकानं केली. कोर्टातली साक्ष त्यानं ऐकली होती. गावप्रमुखाची निवडणूक जवळ आली होती, इन्सोम उभा राहणार होता आणि हाही उभा राहणार होता. राजघराण्याच्या अवमानावर हसणं म्हणजे अवमानात सामील होणं, असं तक्रारीत होतं. इन्सोमचं नाव होतं, आणि केवमाचंही.

म्हातारी स्वतः वर आली. भाजीच्या टेम्पोतून, धुळीनं माखून. आयुष्यात पहिल्यांदा ती लाहू वस्तीत पाय ठेवत होती. नाबू ओट्यावर मका सोलत बसली होती. ती उठली नाही.

"ही कोण?" तिनं सुनेला लाहूत विचारलं, ठाऊक असूनही.

"आई."

"कुणाची?"

"माझी."

"मग विचार तिला, मूसोच्या घरचं पाणी चालतं का."

चांतिपनं ते आईला सांगितलं. केवमा ओठ आवळून खालच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "दे." नाबूनं पाणी आणलं आणि वाडगा तिच्या हातात न देता पायरीवर ठेवला. केवमानं तो उचलून घटाघटा रिकामा केला.

"पोलीस तुझ्याकडं येणार आहेत," ती मुलीला म्हणाली. "तू म्हण, दादा हसला नव्हता. खोकला होता. घास अडकला होता, हे तूच म्हणालीस ना कोर्टात? ठसका लागला म्हण."

"आणि तू?"

"मी रडत होते म्हण."

चांतिपला हसू आलं. कडवट हसू, पण आलं. "दादानं बाग परत देतो म्हणून सांगितलंय का?"

म्हातारीनं जे सांगितलं ते चांतिपला अपेक्षित नव्हतं. "त्यानं ती विकली. वकिलाला पैसे हवेत म्हणून. काहीच उरलं नाही." आणि एकदम तिचा आवाज चढला. "तू माझी पोर आहेस! म्हातारपणी मला तुरुंगात पाठवशील? भाताच्या एका घासावरून?"

"तुम्ही मला विचारलं होतंत, माझ्या नवऱ्याला पाठवताना?"

"तो मूसो होता!"

नाबूला थाई फारसं कळत नसे, पण तो शब्द कळायचा. तिनं मक्याचं कणीस टोपलीत टाकलं, उठली आणि झाडू घेऊन पायऱ्या झाडायला लागली. वरून खाली, केवमा बसली होती त्या पायरीपर्यंत. केवमा उठली. टेम्पोपर्यंत ती एकटी चालत गेली. चांतिप तिला सोडायला गेली नाही. पण टेम्पो वळणाआड जाईपर्यंत ती ओट्याच्या खांबाला धरून उभी होती.

दोन दिवसांनी फौजदार आला. तोच, थप्पड मारणारा. त्याला चढण झेपली नव्हती आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "तर बाई," तो म्हणाला, "तुमचा भाऊ हसला. तुम्ही ते शपथेवर सांगितलंय. आता फक्त मला पुन्हा एकदा सांगा. भावानं तुमचं वाटोळं केलं ना? मग सांगा."

चांतिपनं हे कितीदा मनात रंगवलं होतं. इन्सोमच्या हातात बेड्या, गावप्रमुख आभाळाकडं बघतोय. आता ती वेळ समोर आली होती.

"सांगते," ती म्हणाली. "पण सगळंच सांगते. दादा हसला, आई हसली, मी हसले. मला पण घ्या. दुसऱ्या दिवशी दादानं ते दारूच्या दुकानात सांगितलं. तिथं गावप्रमुख होता. तो हसला, आणि त्यानं आणखी चौघांना सांगितलं. दुकानाची मालकीण हसली. ज्यानं तक्रार केलीय ना, तोसुद्धा तिथं बसला होता. त्यानं टेबलावर हात मारला. मग आठवडाभर..." ती थांबली. "तुमच्या चौकीवर चहा देणारा माणूस आमच्या गावचाच ना, साहेब? तुम्हाला त्यानं सांगितलं नव्हतं?"

फौजदारानं डुकरांच्या कुंपणाकडं तोंड फिरवलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्हाला काही आठवत नाही," शेवटी तो म्हणाला. "बराच काळ लोटला. मी तसं कळवतो."

"मला सगळं आठवतंय."

"नाही आठवत," फौजदार ओरडला. नाबूचा कुत्रा भुंकायला लागला. "मूर्ख बाई, अख्खं गाव आत टाकू काय? नाही आठवत तुला!" आणि तो उतारावरून जवळजवळ पळतच गेला.

ती तक्रार तशीच विरली. इन्सोम निवडणूक हरला. दुसराही हरला. केवमा इन्सोमकडंच राहिली. चांतिपशी ती पुन्हा बोलली नाही, आणि चांतिपनंही कुणाकरवी निरोप धाडला नाही. एवढी सगळी माणसं हसली होती, आणि तुरुंगात बसला होता तो एकटा जाफू.

तो दीड वर्षानं सुटला. कुठल्याशा शुभप्रसंगी कैद्यांना सूट मिळाली, त्यात त्याचंही नाव लागलं. चांतिप आणि नाबू दोघी फाटकाशी गेल्या होत्या. तो लंगडत बाहेर आला, आईच्या पायांशी बसला आणि उठला. मग टेम्पोत मागं चढला. चांतिपनं पुढं ड्रायव्हरशेजारी जागा धरली होती, पण तीही मागंच चढली.

चढण सुरू झाली तसा जाफू म्हणाला, "तुला चुलीपाशी राहता आलं असतं."

"हो."

"सूतिन वकील मला भेटायला आला होता एकदा. त्यानं सांगितलं, काय ठरलं होतं ते."

"हो."

"भावाला बोचकारायला तू मला धरून फेकलंस."

चांतिपनं खाली पाहिलं नाही. "तू पाय कबूल केला असतास तर निम्मी शिक्षा आणि वर माफीचा अर्ज, कधीच सुटला असतास," ती म्हणाली. "तो हट्ट तुझा होता. माझा राग माझा होता. मला तुझी माफी नको आहे, जाफू. तुला इथं राहायचं असेल तर राहा. नसेल तर मी जाते. पण कुठं जाऊ ते मला माहीत नाही, हे सांगून ठेवते."

नाबू समोर पोत्यांवर बसून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. आता तिची सून लाहू बरी बोलत होती आणि हे सगळं लाहूतच चाललं होतं, त्यामुळं एकही शब्द तिच्या हातून निसटला नव्हता.

"भांडायचं तर घरी जाऊन भांडा," ती म्हणाली. "डुकरीण व्यायला आलीय. मला रात्री दोघं हाताशी हवेत."

टेम्पो खड्ड्यात आदळला आणि जाफूचा वाकडा पाय पोत्याखाली अडकला. तो ओढून काढायला चांतिपनं हात पुढं केला. त्यानं तो हात झिडकारला. पुन्हा ओढला, निघेना. मग वैतागून त्यानं पाय तसाच तिच्याकडं पुढं केला, आणि ती वाकून पोतं उचलायला लागली.